कुर्डुवाडी की कुर्डूवाडी? आणि एवढ्या गावाला 'वाडी' का?

सोलापुरातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे की, मुलांच्या वह्यांत 'कुर्डुवाडी' आणि 'कुर्डूवाडी' अशी दोन्ही रूपं सापडतात, त्यातलं बरोबर कोणतं? शिवाय जिथे नगरपरिषद आहे, ती 'वाडी' कशी?

शुद्धलेखनाचं आधी. मूळ शब्द कुर्डू. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात कुर्डू नावाचं गाव आजही नांदतं आहे, आणि पावसाळ्यात रानात उगवणारी, पांढरट-गुलाबी तुऱ्यांची भाजीही कुर्डूच. मराठी शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घ, आणि समासात पहिलं पद दीर्घान्त असेल तर ते तसंच राहतं. म्हणून व्याकरणाने 'कुर्डूवाडी'. पण 'कुर्डुवाडी' हे रूपही छापील मजकुरात इतकं रुळलं आहे की, विशेषनाम म्हणून त्यावर लाल रेघ मारू नये असं मला वाटतं. एका वहीत एकच रूप असावं, एवढा आग्रह पुरे.

आता वाडी. मोल्सवर्थच्या कोशात शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका हा वाडीचा एक अर्थ दिला आहे. पांढरीतल्या, म्हणजे गावठाणातल्या, मूळ गावापासून सुटून, शेताजवळ वसलेली चार घरं. कुर्डूची वाडी ती कुर्डूवाडी, इतकं ते सरळ आहे. एरवी वाडी गावाच्या सावलीत राहते. इथे रुळांनी उलटं केलं.

मुंबईकडून येणारा जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा, लोहमार्ग १८५९ मध्ये इथवर आला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचला. स्टेशनाला नाव मिळालं 'बार्शी रोड', कारण त्या काळी महत्त्व बार्शीच्या बाजारपेठेला. स्टेशनाच्या नावातला 'रोड' म्हणजे 'त्या गावाला जायचं तर इथे उतरा'. खुद्द गावाचं नाव पाटीवर नव्हतंच! पुढे ब्रिटिश रेल्वे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये इथून बार्शीपर्यंत सुरू झाली. मग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज.

या छोट्या गाडीचे रूळ अडीच फुटांचे, मोठ्या गाडीचे साडेपाच फुटांचे. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जाणं शक्य नाही. म्हणजे बार्शीकडून आलेलं कापसाचं प्रत्येक ओझं इथे हमालाच्या पाठीवरून एका वॅगनीतून दुसरीत जायचं. पंढरीचा वारकरीही इथेच उतरायचा, गाठोडं काखोटीला मारून दुसरी गाडी धरायचा. जिथे गाडी बदलते तिथे माणूस थांबतो. तिथे चहा लागतो, खानावळ लागते, मुक्कामाला खोली लागते. त्यात इंजिनं-डबे दुरुस्त करणारं रेल्वेचं वर्कशॉप आलं, आणि फिटर, खलाशी, ड्रायव्हर यांची बिऱ्हाडं वसली. ही वस्ती शेताने नव्हे, पगाराने वाढली. कुर्डूवाडीची लोकसंख्या समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

१९५४ मध्ये बार्शी लाइट सरकारने घेतली, नंतर रूळही रुंद झाले. तालुक्याला नाव माढ्याचं असलं तरी प्रांत कार्यालय कुर्डूवाडीत आहे. जनगणनेच्या हिशेबात नगरपरिषद असली की ते शहर, मग नावात वाडी असो वा खुर्द. त्यामुळे बाई, मुलांनी निबंधात 'कुर्डूवाडी शहर' असं लिहिलं, तर ते अगदी बरोबर आहे.