धक्का मानेला, दुखणं अंगभर

महामार्गावरच्या अपघातानंतर मागे राहिलेल्या दुखण्यांबद्दल गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत. उत्तरं फिजिओथेरपिस्ट म्हणून देते आहे; औषधाची चिठ्ठी डॉक्टरांकडूनच घ्यायची.

ताई, सव्वा वर्षापूर्वी हातखंब्याजवळ आमच्या उभ्या गाडीला मागून टेम्पोने ठोकलं. तेव्हा नुसती मान आखडली होती, एक्स-रे साफ होता. आता खांदे, पाठ, कंबर, मांड्या, सगळंच दुखतं. झोपून उठले तरी दमलेलीच असते. घरचे म्हणतात, "तुला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत." खरंच का? (लांजा)

नाही. तुमचं दुखणं खरं आहे.

मागून धडक बसली की धड सीटबरोबर पुढे ढकललं जातं, डोकं क्षणभर मागेच राहतं आणि मग झटक्याने पुढे येतं. यात मानेचे स्नायू, अस्थिबंध आणि मणक्यांमागचे छोटे सांधे दुखावतात. हे एक्स-रेत दिसत नाही, म्हणून साफ रिपोर्टचा अर्थ 'काही झालं नाही' असा होत नाही. बहुतेकांची मान काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सुटते. काहींची सुटत नाही, आणि त्यांतल्या काहींचं दुखणं अंगभर पसरतं.

तोवर मूळ इजा बहुतेक भरून आलेली असते. बिघाड उरतो तो दुखण्याची वर्दी देणाऱ्या मज्जासंस्थेत. घरात एकदा चोर शिरला की राखणीचा कुत्रा पुढे पान सळसळलं तरी भुंकतो, तसं काहीसं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली अशा वेदनेला 'नोसिप्लास्टिक' असं वेगळं नाव दिलं. अंगभर दुखणं, न भागणारी झोप, थकवा, विसराळूपणा हे तीन महिन्यांहून जास्त चाललं तर डॉक्टर फायब्रोमायल्जियाचा विचार करतात. पूर्वी, १९९०च्या निकषांत, अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघत आणि ११ दुखल्या तर निदान करत. २०१०पासून त्या दाबण्याची सक्ती राहिली नाही.

त्याआधी रक्त तपासून थायरॉइड, ईएसआर आणि सीआरपी (या दोन चाचण्यांत अंगातली सूज कळते), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. आणि आपल्याकडे एक प्रश्न विचारायलाच हवा: मधल्या पावसाळ्यात ताप येऊन सांधे धरले होते का? चिकनगुन्याची सांधेदुखी महिनोन् महिने रेंगाळते आणि दोष मात्र अपघाताच्या माथी जातो.

अपघातानेच हे झालं का, यावर अभ्यासकांतही एकमत नाही. इस्रायलमधल्या १९९७च्या एका अभ्यासात मानेला मार लागलेल्यांपैकी २१ टक्क्यांहून जास्त जणांना पुढे फायब्रोमायल्जिया झाला, पाय मोडलेल्यांत दोन टक्क्यांहून कमी. २००६ साली तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात मानेच्या रुग्णांतही जवळजवळ कोणालाच झाला नाही. तुमच्या उपचारात यामुळे फरक पडत नाही. युरोपीय संधिवात संघटनेने २०१७ साली सगळे पुरावे चाळले, तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची केली, ती म्हणजे व्यायाम. अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, प्रीगॅबालिन या गोळ्या काहींना उपयोगी पडतात, डॉक्टर ठरवतील. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या पेनकिलर रोज खाऊन मात्र पित्तच वाढेल.

मी टुरिस्ट गाडी चालवतो. अपघातानंतर मान धरली, म्हणून एका कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटका देऊन मणके 'बसवणाऱ्या'कडे) गेलो. त्याने एक्स-रे दाखवून सांगितलं, मानेचा बाक गेलाय, पहिला मणका सरकलाय, २४ सिटिंगचं पॅकेज घ्या. पहिल्या वेळी दोन दिवस खूप बरं वाटलं. पैसे भरू का? बायको म्हणते, "तुका काय एक झाला नाय, पैशे घालव नको." (कुडाळ)

पैशांबाबत बायकोचं ऐका, दुखण्याबाबत नको.

पहिला मणका खरोखर सरकला असता तर तुम्ही स्टिअरिंगवर नाही, न्यूरोसर्जनच्या वॉर्डात असता. मानेचा बाक कमी दिसणं हे तर आपल्याकडच्या निम्म्याअधिक रिपोर्टांवर छापलेलंच असतं असं वाटावं. आखडलेली मान सरळ दिसते, त्यात नवल नाही. जपानमध्ये मानेची काहीच तक्रार नसलेल्या १२११ जणांचे एमआरआय काढले. ८७ टक्क्यांहून जास्त लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. चित्रात दिसतं तेच दुखतं असं नसतं.

कडकन आवाज येतो तो मणका जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. मग बरं का वाटलं? झटक्याने स्नायू थोडा वेळ सैल पडतात आणि मेंदूकडे जाणारी वेदनेची वर्दी मंदावते. तो आराम खोटा नाही, पण टिकाऊ नाही. साध्या मानदुखीत अशा उपचाराने थोडे दिवस फायदा होतो हे मी मान्य करते. नीट करून घेतलेल्या व्यायामानेही साधारण तेवढाच होतो, आणि तो घरी फुकट करता येतो. अंगभर पसरलेल्या दुखण्यावर मात्र मान मोडून घेण्यात काही हशील नाही.

कायरोप्रॅक्टिक ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेत सुरू केली. बहुतेक आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यात, अशी त्यांची समजूत होती. आजचे बरेच कायरोप्रॅक्टर ती सोडून सभ्यपणे काम करतात. पॅकेज विकणाऱ्यांनी ती जपून ठेवली आहे. परदेशात बऱ्याच ठिकाणी या व्यवसायाला परवाना लागतो. आपल्याकडे त्यासाठी वैधानिक कौन्सिल नाही. म्हणून शिक्षण कुठे झालं हे बेधडक विचारा. फिजिओथेरपिस्ट असेल तर महाराष्ट्राच्या कौन्सिलची नोंदणी बघायला मागा. तपासणीआधीच सिटिंगचा आकडा सांगितला तर उठून या.

हाताला मुंग्या, पकड सैल, चालताना तोल जाणं, ठिसूळ हाडं, आमवात, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काहीही असेल तर मानेला झटका कोणालाही देऊ देऊ नका.

सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून देतात. अपघातानंतर सवयच लागली आहे. वाईट आहे का? (गुहागर)

बंद करा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर झटक्याने फाटू शकतं. हे क्वचित होतं, पण झालं तर लकवा होऊ शकतो, तरुणालासुद्धा. अपघातातही ते फाटू शकतं आणि सुरुवातीला नुसती मान दुखते, म्हणून अपघातानंतर तर मुळीच नको. कधी नव्हे अशी डोकेदुखी, चक्कर, एकाची दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळता न येणं, चेहरा बधिर होणं, यातलं काही झालं तर १०८ला फोन करा. 'उद्या बघू' म्हणू नका.

आईने वर्षभर मानेचा पट्टा सोडलेला नाही. शिवाय वाडीतल्या पायाळू माणसाचा पाय लावून घेते. काय करावं? (वेंगुर्ला)

पाय हलकेच लावत असतील तर लावू द्या. लाथ मारत असतील तर थांबवा. खरी अडचण पट्ट्याची आहे. हाड मोडलेलं नसेल तर पट्टा पहिल्या काही दिवसांपुरता, तोही जमल्यास नको. वर्षभरात मानेचे स्नायू दुबळे पडले असणार. एकदम काढू नका. आधी जेवताना, मग टीव्ही बघताना, मग अंगणात, असा आठवड्याआठवड्याने सोडवा.

माझी कलमांची बाग आहे. चांगल्या दिवशी सगळी कामं उरकतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. आंब्याच्या हंगामाआधी बरा होईन का? (देवगड)

चांगला दिवसच तुमचा घात करतो. काम अंगाला विचारून नको, घड्याळाला विचारून करा. वाईट दिवशीही जमेल एवढीच वेळ धरा, समजा दहा मिनिटं चालणं. चांगल्या दिवशीही दहाच. आठवडाभर निभावलं तर दोन मिनिटं वाढवा. थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं तर चालतं. नाही आलं तर मिनिटं कमी करा, बंद करू नका.

मानेसाठी पाठ टेकून बसा, हनुवटी किंचित आत घ्या आणि उजव्या खांद्याकडे सावकाश बघा, मग डाव्या. ओढ जाणवली की थांबा. दिवसातून तीनचार वेळा, प्रत्येक वेळी आठदहा.

झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबा उतरवताना मान तासन् तास वर असते, आणि दुखऱ्या मानेला हेच सगळ्यात जड जातं. या हंगामात झाडाखालचं काम दुसऱ्याला द्या. तुम्ही आंबा निवडायला बसा, पण टेबल कमरेएवढं हवं, जमिनीवर वाकून नको. दर वीस मिनिटांनी उठून पडवीत एक फेरी मारा. पेट्या उचलणं सगळ्यात शेवटी, तेही आधी रिकामी पेटी, मग अर्धी.