जुन्या गाडीची चाबी हरवली? आधी हे करा

भाऊ, घाबरू नका. तुमची गाडी २००० सालच्या आसपासची असेल, तर काम बहुतेक सोपं आहे. फक्त कुलूप तोडायची घाई नको. नवे लोक हीच चूक करतात आणि पूर्ण लॉकसेट, म्हणजे गाडीची सगळी कुलपं, बदलायचा खर्च बसतो.

आधी घरातली कागदांची पिशवी उलटी करा. गाडी घेतली तेव्हा चाबीसोबत नंबर कोरलेली पत्र्याची छोटी पट्टी मिळाली असेल. तो नंबर असला तर मूळ मापाची चाबी कापून मिळू शकते. आमची पट्टी आईच्या शिवणाच्या डब्यात निघाली, बटणांमध्ये!

पट्टी नसेल तर नागपुरात सीताबर्डीत चाबीवाले बसतात. आरसी आणि ओळखपत्र सोबत न्या. न विचारता चाबी करून देणाऱ्यापासून जरा जपूनच. जाणता कारागीर कोरी चाबी कुलपात घालून हलवतो, बाहेर काढून उजेडात धरतो आणि उमटलेल्या बारीक खुणांवर कानस मारतो. असं पुन्हा पुन्हा. वेळ लागतो, मागे उभं राहून घाई करू नका.

अजून दोन गोष्टी:

- घासलेल्या चाबीवरून नक्कल करू नका, झीजही नकलेत उतरते. कमी वापरलेली दुसरी चाबी शोधा.
- इग्निशन लावल्यावर डॅशबोर्डवर चाबीच्या चित्राचा दिवा लागत असे का, आठवा. लागत असेल तर चाबीत गाडीला ओळख पटवणारी चिप आहे. नुसती कापून गाडी सुरू होणार नाही.

चिपचं पुढचं नंतर सांगतो. आधी पट्टी शोधा.