वाचकांचे प्रश्न : ओमानचा लोबान, फ्रान्सची घडण

प्रश्न : मस्कतहून आलेल्या नातेवाइकांनी ‘अमुआज गोल्ड’ हे महागडे अत्तर भेट दिले. त्यात पूर्व आणि पश्चिमेचा संगम आहे, असे ते म्हणतात. म्हणजे नेमके काय?

उत्तर : ओमानचे तत्कालीन शासक सुलतान काबूस यांच्या इच्छेनुसार १९८३ मध्ये ओमानमध्ये अमुआज या अत्तर कंपनीची स्थापना झाली आणि ‘गोल्ड’ची रचना गी रोबेर या फ्रेंच सुगंधरचनाकाराने केली. त्यातला लोबान पूर्वेचा. ओमानच्या धोफार प्रांतात बॉस्वेलिया सॅक्रा या झाडाच्या सालीला छेद देतात आणि पाझरलेला चीक वाळून त्याचे खडे झाले की ते खरवडून घेतात; हाच लोबान. (आपल्या सातपुड्यातील सालई ही याच झाडाची भाऊबंद!) पश्चिमेचे आहेत ते अल्डिहाइड, अर्थात फुलांच्या गंधाला लखलखीत उठाव देणारी रसायने, आणि मद्यार्काचे (अल्कोहोलचे) माध्यम; आपले पारंपरिक अत्तर मात्र चंदनतेलात मुरवलेले असते. मद्यार्क लगेच उडून जातो आणि जड रेणूंचे राळयुक्त गंध मागे रेंगाळतात, म्हणून हे अत्तर मनगटावर लावून किमान दोन तास थांबावे, असा माझा आग्रह आहे, कारण लोबानाची खरी ओळख तेव्हाच पटते.