झेरमाटला पहिल्यांदाच स्की करणार आहोत, इटलीपर्यंतचा पास घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा आहे: मार्चअखेर चार दिवस स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला आहात, तुम्ही दोघं, ११ आणि १४ वर्षांची मुलं आणि सासूबाई. सासूबाई स्की करणार नाहीत, बाकीच्यांनी कधी स्की पायात घातलेली नाही. मग ३६० किलोमीटर उतारांचा, पलीकडे इटलीत उतरता येणारा लिफ्टचा पास घ्यावा का, आणि आणखी काय सांभाळायचं?

तो पास घेऊ नका. पहिले दोन दिवस तर झेरमाटच्या बाजूचा पूर्ण पासही घेऊ नका. नवशिक्याचे पहिले दोन दिवस एकाच छोट्या उतारावर जातात, आणि तसेच जायला हवेत. वाचलेले पैसे शिक्षकावर खर्च करा. तिकीट खिडकीवर सरळ सांगा की आम्ही नवशिके आहोत, सुनेगावरच थांबणार आहोत. तेवढ्यापुरतं तिकीट मिळतं. सुनेगा २,२८८ मीटरवर आहे आणि गावातून बोगद्यातल्या रेल्वेने पाचेक मिनिटांत पोचता येतं. त्याच्या खाली लाइझे तळ्याजवळ नवशिक्यांचा भाग आहे. तिथे उभ्याउभ्या वर नेणारे सरकते पट्टे आहेत, वेगाने जाणाऱ्यांची वर्दळ नाही आणि समोर मॅटरहॉर्न शिखर.

इटलीबद्दल मोह का होतो तेही सांगतो. पलीकडच्या, इटलीतल्या चेर्विनिया गावाचे उतार रुंद आणि सौम्य आहेत, हे खरंच आहे. पण तिथे जायचा रस्ता हिमनदीवरून, जवळपास साडेतीन हजार मीटर उंचीवरून जातो आणि परतीचाही तोच. दुपारी शेवटची लिफ्ट चुकली, किंवा वारा वाढून वरच्या लिफ्ट बंद झाल्या, की तुम्ही इटलीतच अडकलात. मग डोंगराला वळसा घालून टॅक्सीने कित्येक तासांचा प्रवास, नाहीतर रात्रीचा मुक्काम. चांगलं स्की करणारेही यात सापडतात, कारण खाली इटलीत ऊन असतं आणि वर काय चाललंय ते दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फक्त बघायलाच जायचं असेल तर केबल कारने जा, सकाळी जा, पासपोर्ट खिशात ठेवा आणि जेवण इटलीत लांबवू नका.

शिक्षक आधी ठरवा. गटाचे वर्ग बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होऊन आठवडाभर चालतात. तुम्ही बुधवारी पोचलात तर गट अर्ध्यावर असेल. अशा वेळी चौघांसाठी मिळून एक खाजगी शिक्षक अर्धा-अर्धा दिवस घेणं जास्त उपयोगी. सकाळचे तास मागा. मार्चअखेरचा बर्फ रात्री गोठतो, सकाळी घट्ट आणि सपाट असतो, दुपारी उन्हाने मऊ पडतो आणि तीननंतर ओल्या लगद्यासारखा जड होतो. त्या जड बर्फात स्की अडकते, शरीर पुढे जातं, पाय मागे राहतो, आणि गुडघे दुखावतात ते असे. नवशिक्याने दोन-अडीचला थांबावं असं माझं ठाम मत आहे. दमलेले पाय आणि जड बर्फ एकत्र आणू नयेत.

आता बुटांकडे लक्ष द्या, कारण पहिला दिवस सगळ्यात जास्त बूटच बिघडवतात. स्की-बुटांचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. पावलाची लांबी साडेसव्वीस सेंटिमीटर असेल तर २६.५. आपल्याकडच्या सवयीने ‘जरा सैल द्या’ म्हणू नका. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जाता कामा नये. सैल बुटात पाय फिरतो, स्की वळत नाही, आणि माणूस बकल आणखी आवळतो, मग पाऊल बधिर होतं. आत एकच पातळ, लांब स्की-मोजा. दोन लोकरीचे मोजे घातले की घाम साचतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची पँट बुटात खोचू नका. तिची एक घडी नडगीवर दिवसभर टोचत राहते आणि संध्याकाळी तिथे लाल पट्टा उमटलेला असतो. बूट घालताना टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, आधी घोट्याजवळचं बकल लावा आणि मग बाकीची. संध्याकाळी आतला मऊ भाग वाळवायला विसरू नका.

स्की भाड्याने घेताना दुकानदार वजन, उंची, वय आणि स्की किती येतं ते विचारतो. यातलं काहीही वाढवून किंवा लपवून सांगू नका. पडल्यावर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती ताणाला सुटायची ते या आकड्यांवर आणि बुटाच्या तळाच्या लांबीवर ठरतं. ‘थोडंफार येतं’ म्हणालात तर बाइंडिंग घट्ट बसवली जाईल, आणि पडताना ती सुटली नाही तर ताण गुडघ्यावर येतो. नवशिक्यासाठी स्कीची लांबी हनुवटीपर्यंत पुरते. हेल्मेट पाचही जणांसाठी, कारण सासूबाई बर्फावर घसरायच्या गाडीवर (स्लेजवर) बसल्या तर त्यांनाही लागेल.

स्की चढवताना बुटाच्या तळाचा बर्फ काठीने खरवडून काढा, नाहीतर टाच लागतच नाही आणि लोक उगीच पाय आपटत बसतात. उतारावर असाल तर स्की उताराला आडव्या ठेवा, खालच्या बाजूची स्की आधी. बुटाचा पुढचा भाग आत, मग टाच दाबायची, खट्ट आवाज आला पाहिजे.

थांबणं पहिल्या तासात शिकवतात: टोकं जवळ, टाचा बाहेर, पोटऱ्यांपासून दाब. मुलांना शिक्षक ‘पिझ्झा’ म्हणून सांगतात आणि मुलं ते पटकन उचलतात. मोठ्यांची अडचण वेगळी. भीती वाटली की आपण मागे झुकतो. मागे झुकलं की स्कीचा पुढचा भाग हलका पडतो, वळवणं हातातून जातं आणि वेग वाढतो, म्हणून आणखी मागे झुकतो. यावर उपाय एकच, हात पुढे आणि नडगी बुटाला टेकलेली. पडायची वेळ आलीच तर बाजूला, डोंगराकडे बसा. उठताना दोन्ही स्की शरीराच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या आणा, मग उठा.

लिफ्टमध्ये गोंधळ होतो तो चढताना-उतरताना. चेअरलिफ्टला जाताना काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून दोन्ही काठ्या एका हातात घ्या, मागे वळून खुर्ची येताना बघा, बसल्यावर दांडा खाली घ्या. वर पाटी दिसली की दांडा उचला, स्कीची टोकं वर, उभं राहा आणि सरळ पुढे निघून जा. उतरल्याबरोबर तिथेच थांबून मागच्याची वाट बघू नका, मागून पुढची खुर्ची येतच असते. हिमनदीवर टी-आकाराच्या दांड्याच्या लिफ्ट आहेत. त्या दांड्यावर बसायचं नसतं. तो मागून टेकतो आणि ओढतो, तुम्ही उभेच राहायचं. बसलात की पडलात. पासचं कार्ड जॅकेटच्या डाव्या खिशात एकटंच ठेवा. मोबाइल किंवा दुसरं कार्ड शेजारी असेल तर फाटक उघडत नाही आणि मागे रांग खोळंबते.

उतारांचे रंग स्वित्झर्लंडमध्ये निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड असे आहेत. पिवळ्या खुणांचे मार्ग यंत्राने सपाट केलेले नसतात, तिकडे वळू नका. झेरमाटला लाल उतारच जास्त, म्हणून नकाशा बघूनच निघा. खाली असलेल्याचा हक्क पहिला. वरून येणाऱ्याने त्याला टाळायचं. अरुंद जागी किंवा चढाच्या आड थांबायचं नाही. दिवस संपताना गावापर्यंत स्की करत उतरायचा हट्ट धरू नका. त्या वाटा अरुंद, गर्दीच्या आणि जागोजागी गोठलेल्या असतात. सुनेगाहून रेल्वेने खाली या, त्यात कमीपणा काही नाही.

सासूबाईंसाठी झेरमाट उत्तम आहे. गोर्नरग्राटची दातेरी रेल्वे १८९८ पासून चालते, स्टेशनसमोरून सुटते आणि ३३ मिनिटांत ३,०८९ मीटरवर नेते. चढताना उजवीकडे बसवा, मॅटरहॉर्न त्या बाजूला दिसतो. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर या तिकिटावर अर्धी सवलत मिळते. वाटेत रोटेनबोडेन ते रिफेलबेर्ग या स्टेशनांदरम्यान स्लेजची घसरण आहे, मुलांना ती स्कीइतकीच आवडेल. ३,८८३ मीटरवरचं मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅराडाइज, म्हणजे केबल कारचं सगळ्यात वरचं स्टेशन, मात्र पहिल्या दिवशी ठेवू नका. गाव साधारण १,६०० मीटरवर आहे, आणि तिथून तासाभरात वर पोचता. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६२ टक्केच असतो. डोकं दुखणं, मळमळ, दम लागणं हे तिथे नेहमीचं. तिसऱ्या दिवशी जा, पाणी पीत राहा, हळू चाला, त्रास वाढला तर पुढच्याच केबल कारने खाली या. सासूबाईंना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. वाऱ्याने ही केबल कार बंद पडते, म्हणून त्या दिवसाला पर्याय म्हणून गोर्नरग्राट हाताशी ठेवा.

उन्हाला कमी लेखू नका. ताजा बर्फ बहुतेक अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांनाही चटका बसतो. क्रीम तिथेही लावा, दर दोन तासांनी. साधे लोकरी हातमोजे आणि जीन्स तासाभरात भिजतात. पाणी न शिरणारे हातमोजे आणि पँट भाड्याने मिळतात का ते दुकानात विचारा.

गावात पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्या येत नाहीत. गाडी भाड्याने घेतलीत तर ती टेश गावात ठेवून तिथून १२ मिनिटांची रेल्वे घ्यावी लागते. म्हणून झुरिक किंवा जिनिव्हाहून फिस्पला गाडी बदलून रेल्वेनेच या.

शाकाहारी असाल तर रोश्टी (किसलेल्या बटाट्याचा पदार्थ) मागवताना ‘ओने श्पेक’ म्हणजे बेकन नको असं सांगा, तिथे ते बऱ्याचदा घालतात. फोंड्यूमध्ये, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन आणि बहुतेकदा चेरीची दारू असते, मुलांना देण्याआधी हे माहीत असू द्या.

शेंगेन व्हिसासाठी घेतलेला ३०,००० युरोंचा विमा स्कीच्या अपघाताला चालेलच असं नाही. पॉलिसीत हिवाळी खेळ आणि डोंगरातून सोडवणूक, हेलिकॉप्टरसह, लिहिलेलं आहे का ते वाचा. नसेल तर निघण्याआधी जादा हप्ता भरून घाला. अपघात झाल्यास जखमीच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवा, म्हणजे वरून येणारे बाजूने जातील. मग १४४ ला फोन करा आणि जवळच्या खांबावर लिहिलेला उताराचा क्रमांक सांगा.