पीएचपी संपली का हो, ताई?

प्रश्न : मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळा, पतसंस्था यांच्या वेबसाइट करणाऱ्या एका दादांकडे संध्याकाळी काम शिकतो. ते पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा वापरतात. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, पीएचपी संपली, नोड शिक. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मामेभाऊ विकिपीडिया उघडतो का, विचार त्याला. ते ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते मीडियाविकी पीएचपीतच लिहिलेलं आहे. वर्डप्रेसही तसंच. १९९५ पासूनची भाषा आहे, पण २०१५ च्या पीएचपी ७ नं तिचा वेग चांगलाच वाढवला.

आता खरा फरक. पीएचपीत सहसा प्रत्येक विनंतीला स्क्रिप्ट नव्यानं सुरू होते, पान देते आणि संपते. एक पान बिघडलं तरी बाकीची साइट उभी राहते. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर फायली चढवल्या की झालं. रायन डालचं नोड (२००९), म्हणजे सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट, याच्या उलट. त्यात प्रोसेस सतत जिवंत असते, आणि डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत ती इतरांची कामं उरकत राहते. चॅटला, लाइव्ह स्कोअरला झकास! पण तिथंच मोठा हिशेब करायला घेतलास की सगळे खोळंबतात, आणि न हाताळलेली एक एरर अख्खी प्रोसेस पाडते. पतसंस्थेचा क्लार्क रात्री उठून ती चालू करणार आहे का?

माझ्याकडच्या एका शाळेच्या साइटवर सूचना, निकाल आणि स्नेहसंमेलनाचे फोटो असतात. तिथं पीएचपी पुरते. त्याच शाळेला बस नकाशावर हलताना दाखवायची होती, तेव्हा मात्र मी नोड घेतलं.

मामेभावाचं अर्धं बरोबर आहे. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला पर्याय नाही, ती शिकच. पुण्यात नोकरी धरायची असेल तर नोडही शीक. बार्शीतच धंदा करायचा असेल तर दादांकडेच थांब.

फक्त त्यांचा कोड एकदा उघडून बघ. ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ हे डेटाबेसला जोडणारं जुनं फंक्शन दिसलं तर साइट पीएचपी ५ वरच अडकलेली आहे. ७ मध्ये ते फंक्शनच काढून टाकलं. ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणंही २०१८ अखेर थांबलं. फॉर्ममध्ये भरलेला मजकूर थेट डेटाबेसच्या क्वेरीत जोडत असतील तर आणखी वाईट, कारण कुणीही फॉर्ममधून डेटाबेसला हुकूम सोडू शकतो. तसं असेल तर नोड राहू दे, आधी पीडीओ (क्वेरी आणि भरलेला मजकूर वेगळा ठेवू देणारी पीएचपीची सोय) शीक आणि दादांनाही शिकव.