निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या मेडिकल कॉलेजात नवी उपकरणं घडवायला इनोव्हेशन सेल निघाला, समितीत सगळे विभाग आहेत आणि ग्रंथालय तेवढं नाही, म्हणून तू चिडली आहेस. वर सेलला जागा हवी म्हणून जुन्या बाउंड व्हॉल्यूमची, म्हणजे बांधून ठेवलेल्या मासिकांच्या अंकांची, खोली रिकामी करायला सांगितली आहे; म्हणजे निर्लेखन, अंक नोंदीतून काढून टाकणं आलं. राग येणारच. पण समितीत घ्या म्हणून अर्ज करू नकोस. अर्जाने खुर्ची मिळते, मीटिंगचा चहा मिळतो, काम मिळत नाही.

माझी एक फजिती सांगतो. एका कॉलेजात असताना दोन रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, आले. सलाइन संपत आली की वाजणारी घंटी त्यांना बनवायची होती. (ही घंटी दर दोन-तीन वर्षांनी कुणाला तरी नव्याने सुचतेच.) मी पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, शोधून दिलं, दहाएक लेख निघाले, पोरं खूश. यंत्र तयार झालं, पेटंटच्या वकिलाकडे गेलं, आणि त्याने अर्ध्या तासात तसल्याच घंट्यांच्या पेटंटांची चळत पुढ्यात ठेवली. पोरांचे आठ महिने गेले, खिशातले पैसे गेले. मी फक्त लेख पाहिले होते, पेटंट पाहिलीच नव्हती. यंत्र करणारा माणूस पुष्कळदा लेख लिहीतच नाही, पेटंट घेऊन मोकळा होतो.

तेव्हा आधी पेटंट शोधण्यात हात बसव. भारतीय पेटंट कार्यालयाचा शोध, युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट, गुगल पेटंट्स, तिन्ही फुकट आहेत. पेटंटची भाषा मुद्दाम आडवळणाची असते. साध्या घंटीला ‘द्रवपातळी-सूचक साधन’ म्हणतील. म्हणून शब्दांवर विसंबू नकोस, वर्गीकरणाचा क्रमांक धरून शोध. ड्युई, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची पद्धत, शिकलेल्या माणसाला हे जड जात नाही. डॉक्टरांना जातं, आणि तिथेच त्यांना आपली गरज आहे.

दुसरं, थीसिस. कुणाच्या थीसिसमध्ये नवं उपकरण असेल तर कपाटात लावण्याआधी विचार, पेटंटचा अर्ज केलाय का? जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॅटलॉगवर चढलेल्या एकाच प्रबंधामुळे अमेरिकेत एक पेटंट नाकारलं गेलं, आणि १९८६ मध्ये तिथल्या न्यायालयाने ते नाकारणं योग्य ठरवलं. तो प्रबंध किती जणांनी वाचला हा प्रश्नच नव्हता, कुणालाही तो शोधून काढता येत होता, एवढं पुरलं. आपण कार्ड लावतो, नोंद चढवतो, तेव्हा ती गोष्ट कायद्याच्या दृष्टीने जगजाहीर होते, आणि जगजाहीर गोष्टीला सहसा पेटंट मिळत नाही. हे मला नोकरीच्या विसाव्या वर्षी कळलं, तुला पहिल्याच वर्षी कळू दे.

आता ती खोली. डीन म्हणतात, सगळं ऑनलाइन आहे. त्यांना बाल्टिमोरची गोष्ट सांग. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या अभ्यासासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध हुंगायला दिलं. त्यातल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणीची फुफ्फुसं निकामी झाली आणि ती गेली. संशोधकाने पबमेड पाहिलं होतं, पण तेव्हा तिथला शोध १९६६ च्या मागे जात नव्हता. या औषधाने फुफ्फुसांना इजा होते हे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते, कागदावर छापलेले. शोधाला बसताना शेजारी एखादा ग्रंथपाल असता तर? खात्रीने काही सांगता येत नाही, पण मागच्या काळाचं काय, हे विचारायची सवय आपल्याला असते. पबमेड आता आणखी मागे जातं, पण सगळं काही त्यात नाही.

आणि हळदीचं पेटंट आठवतं ना? जखम भरायला हळद, यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं. डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने, त्याविरुद्ध लढा दिला आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. हळद लावायची असते हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं, पण पेटंट कार्यालयात आजी चालत नाही, छापील पान लागतं. पुराव्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ चा लेख होता. कुणीतरी तो अंक बांधून जपला होता म्हणून तो सापडला.

मी काही कागदाचा भक्त नाही. परदेशी प्रकाशकांचे जे अंक ऑनलाइन पूर्ण मिळतात ते खुशाल जाऊ दे, धूळच खातायत. देशी मासिकं, जिल्ह्याच्या वैद्यकीय संघटनांची पत्रकं, जुने थीसिस यांना मात्र एकेक करून तपास. स्कॅन कुठेच नसेल तर वेगळं काढ.

हे करताना काउंटरमागे बसून राहू नकोस. जानेवारीत नाही तर जूनमध्ये, जेव्हा केव्हा तुमच्याकडे सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसच्या आराखड्यांची, धांदल असते, तेव्हा विभागाच्या क्लिनिकल मीटिंगला मागच्या बाकावर जाऊन बस. तिथे कुणीतरी म्हणतंच, “असं काहीतरी असायला हवं होतं.” ते वहीत टिपून घे आणि दोन दिवसांत शोधून पाठव. कुणी मागितलं नसलं तरी.

निर्लेखनाची यादी मला पाठव, सही नंतर कर. आणि टाईप मोठा ठेव, माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय.

तुझे सर