भिंतीवरचं सांगलीचं घड्याळ

"मॅडम, सहा महिने झाले, अजून मी रुळले नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी परदेशी गेलेल्या इतक्या जणांकडून ऐकलंय की पहिले चार शब्द कानावर पडले की पुढचं मला पाठ असतं. फक्त गाव बदलतं. कधी म्युनिक, कधी ओसाका, आणि अलीकडे बऱ्याचदा कोरिया. बहुतेक वेळा बोलणारी मुलगी असते, नवऱ्याच्या नोकरीपाठी गेलेली. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करणारे मुलगेही असतात, पण ते पहिल्या दोन भेटी हवापाण्यावर काढतात आणि तिसरीत मुद्द्यावर येतात.

मृण्मयी (नाव बदललंय, आणि तिला विचारूनच लिहितेय) सांगलीची, वय 29, आर्किटेक्ट. नवरा सोलच्या दक्षिणेला सुवॉनमध्ये इंजिनिअर. हिचा व्हिसा एफ-3, म्हणजे जोडीदाराचा; त्यावर परवानगीशिवाय नोकरी करता येत नाही. साइटवर दहा माणसांना कामाला लावणारी मुलगी, तिथे पार्सलवाल्याचा फोन उचलायला घाबरायची.

पहिल्या ऑनलाइन भेटीत तिने तक्रारींची यादीच वाचली. ती मी इथे देत नाही, कारण निम्म्या तक्रारी तिच्या नव्हत्याच, व्यवस्थेच्या होत्या. तिथे 90 दिवसांच्या आत परदेशी रहिवासी म्हणून नोंद करावी लागते. ते ओळखपत्र हातात येईपर्यंत स्वतःच्या नावावर नीट फोन नाही, आणि फोनवरून ओळख पटवता येत नसल्यामुळे धड ॲपवरून जेवणही मागवता येत नाही. त्या काळात कोणीही शहाणा माणूस बावळट दिसतो. मृण्मयीने हा बावळटपणा स्वतःच्या खात्यावर लिहून घेतला होता, आणि कार्ड आल्यावरही तो खोडला नव्हता.

तिसऱ्या भेटीत मला काहीतरी दिसलं. आमची वेळ दुपारी एकची. तिच्यामागे भिंतीवर एक घड्याळ होतं आणि त्यात सव्वा वाजला होता. कोरिया आपल्या साडेतीन तास पुढे. तिथे तर पावणेपाच व्हायला हवे होते.

"मागचं घड्याळ बंद आहे का गं?"

"नाही मॅडम. ते सांगलीचं आहे."

"आणि सुवॉनचं?"

"ते मोबाइलवर असतंच की."

मग हळूहळू तिचा दिवस उलगडला. नवरा साडेसातला बाहेर पडायचा. ही पुन्हा पांघरुणात. तिथले दहा वाजले की सांगलीत साडेसहा होतात, आई उठते, फोन येतो. तेव्हा हिची सकाळ. जेवण चारला. नवरा टीमबरोबर जेवून रात्री उशिरा आला की भांडण. म्हणजे बाई सहा महिने सुवॉनमध्ये भाडं भरत होती आणि राहत होती सांगलीतच. आमची भेटायची वेळ ठरवतानाही ती नुसतं "एक वाजता" म्हणते, 'तुमच्या एक वाजता' नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. सव्वीस वर्षं हे काम करतेय. माणूस कुठे अडकलाय ते पुष्कळदा त्याच्या व्याकरणात दिसतं.

मी घड्याळ बदलायला सांगितलं नाही. सांगून बदललेलं घड्याळ आठवड्यात पुन्हा मागे जातं. विचारलं, "सुवॉनचा दिवस सुरू झाला तर काय होईल?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "कचरा टाकायला जावं लागेल."

आता हे तिथे न राहिलेल्याला हास्यास्पद वाटेल. पण कोरियात 1995 पासून कचऱ्याच्या पिशव्या विकत घ्याव्या लागतात, त्याही आपापल्या पालिकेच्याच. जितका कचरा तितके पैसे. अन्नाचा कचरा वेगळा, आणि त्यातही मेख आहे: जनावरं खाऊ शकतील तेच अन्न, असा ढोबळ हिशेब. कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा अन्नात धरत नाहीत. मृण्मयीने पहिल्याच आठवड्यात हे तिन्ही अन्नाच्या डब्यात टाकले. इमारतीतल्या एका आजींनी पाहिलं आणि सालं हातात धरून चारचौघांत तिला सुनावलं. तेव्हापासून ही रात्री दोनला कचरा टाकायला उतरायची.

"काय म्हणाल्या त्या?"

"कळलं नाही. पण अपमान केला."

"कळलं नाही, तर अपमान केला हे कसं कळलं?"

उत्तर नाही.

"बरं, पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत ओल्या कचऱ्यात चुकीचं काही टाकलं असतंस तर?"

"वॉचमनकाकांनी अख्ख्या विंगसमोर काढलं असतं." आणि ती हसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

"तेव्हा काय वाटलं असतं? पुणेकरांना मी नको आहे, असं?"

"छे. काका खडूस आहेत, एवढंच."

इथे मी थांबले. समुपदेशकाला इथे बोलण्याचा फार मोह होतो. आजींचं ओरडणं ही घटना. 'या देशाला मी नकोय' हा तिने स्वतः त्यावर चढवलेला मजला. आर्किटेक्टला हे मला समजावून सांगावं लागलं नाही. तिनेच म्हटलं, "परवानगी नसताना बांधलाय."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. हे गृहस्थ 19 वर्षांचे असताना बायकांशी बोलायला इतके घाबरायचे की न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन त्यांनी शंभरावर अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम गप्पा सुरू केल्या. पदरात काही पडलं नाही, पण भीती गेली. मृण्मयीला मी तसाच गृहपाठ दिला: दिवसाढवळ्या कचरा घेऊन उतर, आजी दिसल्या तर "इगॉ ऑदिए बॉरयॉयो?", म्हणजे हे कुठे टाकायचं, असं विचार. चुकलीस तर उत्तम. दिवसाला तीन चुका झाल्याच पाहिजेत.

पुढच्या भेटीत ती कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच बोलत होती. आजी भेटल्या. तिने विचारलं. आजी पुन्हा ओरडल्या! पहिल्यापेक्षा जास्त वेळ. पिशवी उघडून एकेक वस्तू उचलून दाखवली, ही इकडे, ती तिकडे. ना हसल्या, ना पाठीवरून हात फिरवला. "पण मॅडम, मी पळाले नाही. उभी राहिले. आणि मला दोन शब्द कळले." मग तिने डब्यावर चिकटवलेल्या सूचनेचा फोटो दाखवला. मोबाइलने केलेलं भाषांतर साधारण असं: कॅमेरा चालू आहे, चुकीचा कचरा टाकल्यास दंड होईल. सदाशिव पेठेत लावली तर कोणाला परकी वाटणार नाही.

आजी प्रेमळ निघाल्या असत्या तर मृण्मयीचा काहीच फायदा झाला नसता, असं मला ठामपणे वाटतं. मग तिला प्रत्येक वेळी प्रेमळ आजी लागल्या असत्या. लोकांनी छान वागावं ही इच्छा ठीक. वागलंच पाहिजे हा हट्ट माणसाला घरात कोंडतो.

तुम्हीही मृण्मयीसारखाच मला फोन करायच्या तयारीत असाल, तर थोडं स्पष्ट सांगते. देशात कोणी रुळत नाही, गल्लीत रुळतं. मृण्मयीने सुवॉनचा ह्वासॉंग किल्ला तीनदा पाहिला होता, पावणेसहा किलोमीटरचा तट, 1796 साली पुरा झालेला, जागतिक वारशातला, फोटोही सुरेख. पण घराखालच्या किंबापच्या (समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या भाताच्या) दुकानात ती एकदाही शिरली नव्हती. किल्ला तुम्हाला ओळखत नाही. दुकानवाली ओळखते. शाकाहारी असाल तर "हॅम प्पे जुसेयो", हॅम काढून द्या, एवढ्या वाक्यावर सुरुवात होते. अशा दुकानातल्या बाईंना तिथले लोक 'इमो' म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. हे कळल्यावर मृण्मयीचा चेहरा बघण्यासारखा होता.

भाषेला घाबरू नका. लिपीची मुळाक्षरं 24, आठवडाभरात वाचता येतात. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, प्रत्यय नामाला चिकटलेले, मोठ्यांशी बोलायची रीत वेगळी; हे सगळं मराठी माणसाच्या अंगात आहे. तिथल्या सरकारचा सामाजिक एकात्मता कार्यक्रम भाषा शून्य पातळीपासून शिकवतो. व्हिसाच्या शंकांना 1345 हा नंबर आहे. नवऱ्याला दुभाषा करू नका. तो दमतो आणि तुम्ही मुक्या राहता. आईचा फोन तोडू नका, सरकवा. मृण्मयीने तो रात्री दहाला नेला. तेव्हा सांगलीत साडेसहा, दिवेलागण.

मात्र झोप, भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल किंवा जगावंसंच वाटत नसेल, तर तो रुळण्याचा प्रश्न नाही. तिथल्याच डॉक्टरांना लगेच भेटा.

नंतर आमच्या भेटी महिन्यावर गेल्या. मागे तिचा निरोप आला: "मॅडम, शनिवारी साडेचारला चालेल?" मी डायरीत लिहिलं, जेवून जरा पडले आणि बरोबर साडेचारला लॅपटॉप उघडला. एक वाजून चार मिनिटांनी तिने लिहिलं होतं, "मॅडम, मी आलेय. तुम्ही आहात ना?"